ऑर्केस्ट्रातली वाद्यं नुसती ऐकून ओळखायची कशी?

पखवाज_वेंगुर्ला:
मंडळी, गेल्या महिन्यात भाच्याने मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहात नेलं, सिम्फनी म्हणजे मोठ्या पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची रचना ऐकायला. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे कीबोर्ड आणि दोन गायक. तिथे माणसं मोजताना दमलो! समोर दिसत होतं तोवर ठीक, कोणाचा गज हलतोय, कोण फुंकतोय. घरी येऊन मोबाइलवर लावलं तर बासरी नि नगारा सोडून सगळ्याची आमटी. पंचवीस वर्षं दशावतारात पखवाज वाजवतोय, कान तसा वाईट नाही. सुरुवात कुठून करू?

बँडवाले_काका:
भाऊ, मी कुडाळचा, वरातीत क्लॅरिनेट वाजवण्यात जन्म गेला (आमच्यात क्लॅरोनेट म्हणतात). फुंकायच्या वाद्यांचं सांगतो. देवळातली सनई ऐकता ना? ओबो तिच्याच जातीचा. दोन पातळ पत्त्या एकत्र बांधलेल्या, मधल्या फटीतून फुंकर. म्हणून आवाज नाकातला, धारदार. कार्यक्रमाआधी कोणीतरी एक लांब सूर धरला नि बाकीच्यांनी त्यावर जुळवून घेतलं, आठवतं? तोच ओबो.
क्लॅरिनेटला पत्ती एकच. त्याच बोटांवर वरचा सूर काढायचा तर बासरी नि ओबो सा वरून वरच्या सा वर जातात. क्लॅरिनेट थेट त्याच्याही पुढच्या पंचमावर उडी मारते. शिकताना यापायी उस्तादांच्या शिव्या खाल्ल्यात. म्हणून तिचा खालचा आवाज रांजणात बोलल्यासारखा नि वरचा लख्ख. दोन वाद्यं वाटतात, फसू नका.
प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराचं 'पीटर अँड द वुल्फ' ऐका, वाद्यांतून सांगितलेली गोष्ट. 1936 सालचं, पोरांसाठीच केलेलं. पक्षी म्हणजे बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, लांडगा तीन हॉर्न (गोल वळवलेलं पितळी वाद्य). आणि आजोबा बसून. ओबोच्याच जातीचं खर्जातलं वाद्य, नावच बसून, हसू नका. सगळं एकदम नको, चार दिवस नुसतं बदक-मांजर करा.

मालवणची_बाई:
काकांनी गजाने वाजवायची तारवाद्यं सोडली, ती मी घेते. व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या तारा सा-प अंतरावर. व्हायोलाच्याही तशाच, पण सगळा पट एक पंचम खाली. चेलो व्हायोलाच्या एक सप्तक खाली. डबल बासचं गणित वेगळं, तिथे सा-म. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'यंग पर्सन्स गाइड टू दि ऑर्केस्ट्रा' लावा. त्यात एकेक वाद्य पाळीपाळीने पुढे येतं आणि शेवटी त्याच क्रमाने पुन्हा, एकमेकांच्या पाठीवर. परीक्षाच म्हणा. आणि हेडफोन घ्या हो, मोबाइलच्या स्पीकरमधून बासचा खर्ज येतच नाही. निम्मी आमटी तिथेच होते.

रापणकर:
हेडफोन कशाक? आधी कान धुवा.

पखवाज_वेंगुर्ला:
रापणकर, धुतले. काका, आठ दिवस बदक-मांजर केलं. हेडफोन काढून मोठ्याने लावलं, तर मागीलदारी सोलं वाळत घालणारी बायको विचारते, "आज देवळात काय आसा?" ओबोच लागला होता! आजोबाही आता लगेच सापडतात. बाई, ब्रिटनमध्ये व्हायोलिननंतर येतो तो व्हायोलाच ना? मी दोन्ही वेळा चेलो म्हणालो.