डॉयना वाजवायला घेतला की बसंत मुखारी होतो

माहीमची_व्हायोलिन
आमच्या चौकडीने क्लेझमर बसवायला घेतलंय, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नात वाजणारं संगीत. क्लॅरिनेट, अ‍ॅकॉर्डियन, डबल बेस आणि मी. सगळे नोटेशनवर वाढलेले. मी आईमुळे थोडं रागसंगीतही शिकले. छापील धुना व्यवस्थित वाजतात. पण डॉयना, तो तालाविना मोकळा भाग, मनाने वाजवायला गेले की फ्रायगिश या क्लेझमरच्या स्वरसप्तकाचे स्वर (रे ध नी कोमल, ग म शुद्ध) थेट बसंत मुखारी राग होऊन निघतात. क्लॅरिनेटवाला म्हणतो, छान वाटतंय, राहू दे. मला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

गजवाला_दादर
न पटणं योग्यच आहे. स्वर तेच, पण चलन निराळं. आपला षड्ज जागचा हलत नाही. फ्रायगिशमध्ये मध्यमच काही काळ सा होतो, तिथे मायनर (कोमल गंधाराचं सप्तक) उलगडतं, आणि घरी परतायचं ते बहुतेकदा कोमल निषादावरच्या मायनर कॉर्डवरून. अ‍ॅकॉर्डियनला ही वाट धरायला सांगा, तुमचा हात रागातून सुटेल.

नाचाच्या धुनांत मात्र आलापासारखी बढत करू नका. तिथे मूळ चाल दर वेळी ओळखू येते, बदलतात त्या हरकती. सगळ्यात महत्त्वाचा क्रेख्त्स: स्वर संपता संपता गळा दाटून तुटल्यासारखा. करंगळी वरच्या स्वराला निसटती शिवते आणि त्याच क्षणी गज थांबतो. लांब मींड घेतलीत की तो पुसला जातो. अखंड व्हायब्रेटोही, म्हणजे स्वर सतत थरथरवणंही, सोडा.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नाफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टारास यांची ध्वनिमुद्रणं झाली. दोघे क्लॅरिनेटवाले, तरी तुम्हाला तीच हवीत. वेग निम्मा करून आधी गा, मग गजावर घ्या. मी विद्यार्थ्यांना हेच करायला लावतो. कागद बाजूला.

व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन १९९५ मध्ये क्लेझमर बँडांबरोबर वाजवायला बसला, तेव्हाही त्याचा नाद गोल, भरलेलाच राहिला. सुंदर आहे. पण मला क्लॅरिनेटवाला डेव्हिड क्रॅकाउअर जास्त भिडतो. न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड या संगीतशाळेत शिकलेला माणूस, आणि क्लॅरिनेट किंचाळू द्यायला कचरत नाही!

ठाण्याहून
मी बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंपैकी. मुंबईत कार्यक्रम कराल तेव्हा पत्रिकेवर नुसतं 'ज्यू संगीत' छापू नका, एवढी विनंती. क्लेझमर अश्केनाझींचं, म्हणजे त्या पूर्व युरोपातल्या ज्यूंचं. आमच्याकडे बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं झाली आहेत, तेही ज्यू संगीतच. डॉयना तर रोमानियातून आलेला.

माहीमची_व्हायोलिन
पत्रिकेत 'अश्केनाझी' नक्की येईल. गजवाले काका, करंगळीचं आत्ताच करून पाहिलं, आवाज खरंच तुटतो! डॉयना संपल्यावर एकदम द्रुत धून घ्यावी का?

गजवाला_दादर
नको. आधी होरा ही संथ नाचाची धून घ्या, तीनच्या मोजणीत, मधली मात्रा जवळपास रिकामी ठेवून. मग बुल्गार, ती द्रुत नाचाची धून.