बाह्यपूजा सोडायची कशाला?

श्रीविद्येत, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासनेत, 'अंतर्याग (मनातल्या मनात केलेली पूजा) साधला की बाह्यपूजेची गरज नाही' असं एक मत आहे. ते मला एकांगी वाटतं. त्याला जुने टीकाकार लक्ष्मीधर यांचा आधार आहे, हे मान्य. 'सौंदर्यलहरी' या देवीस्तोत्रावरच्या टीकेत ते समयमार्गीयांना, म्हणजे आतल्या पूजेचा मार्ग धरणाऱ्या उपासकांना, बाह्यपूजा नाहीच म्हणतात. पण श्रीविद्येचे आचार्य भास्कररायांनी भावनोपनिषदावर भाष्य करून देहातच श्रीचक्र (देवीचं यंत्र) दाखवलं, तरी कौलमार्गातलं, म्हणजे बाह्यपूजाही मानणाऱ्या दुसऱ्या मार्गातलं, बाह्य अर्चन सोडलं नाही. सदाशिव पेठेत ओळखीच्या घरी श्रीचक्राची पूजा असते. आधी न्यास (मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करून तिथे देवता स्थापणं), मग मानसपूजा. त्यानंतर गुरुजी ओंजळीत फूल धरतात, हृदयातली देवता श्वासावाटे त्या फुलात आणतात आणि फूल यंत्रावर ठेवतात. विसर्जनात ती परत हृदयात. आता यातलं आतलं-बाहेरचं वेगळं काढणार कसं? नवरात्रात कुंकुमार्चनाला जमणाऱ्या बायकांना हे सहसा कुणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.