ल्युकोफायलमची पानं पिवळी पडतायत? पाणी थांबवा

सांगलीतल्या अंगणात लावलेल्या ल्युकोफायलमची, म्हणजे चंदेरी पानांच्या त्या शोभेच्या झुडपाची, खालची पानं पिवळी पडून गळतायत आणि रोज पाणी घालूनही फूल येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कारण बहुतेक त्या रोजच्या पाण्यातच आहे.

हे झुडूप मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचं, चुनखडीच्या कोरड्या माळावरचं. आपली कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. जरा उकरून मुळं बघा. काळी पडून बोटांत साल सुटून येत असेल, तर झाड लगेच हलवा. वीतभर उंच वाफा करून निम्मा मुरूम मिसळा. मातीत चुनखडी असली तरी याला चालते, उलट मानवते.

पान भिंगाखाली बघाच एकदा. पांढरी बारीक लव दिसेल, ती चंदेरी झाक तिचीच. सावलीत मात्र पानं हिरवट होतात आणि फांद्या लांबुळक्या वाढतात, म्हणून दिवसाचं सहा तास तरी ऊन हवंच.

हवेत दमटपणा आला, पाऊस पडून गेला की जांभळी फुलं एकदम लगडतात. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर कात्री लावून कुंपणासारखं चौकोनी कापू नका, कळ्याच जातात. छाटणी थंडी सरताना, हलक्या हातानं. खताचा मारा तर नकोच. तुमचं झाड कुंडीत आहे की जमिनीत, तेवढं कळवा.