ऊसतोड मजुरांच्या मुलांवरचे शोधनिबंध, पण वाचणार कोण?

कोयतापट्टा: आमच्या बीडकडच्या जिल्हा परिषद शाळेत पीएच.डी.वाले येत असतात. स्थलांतर, गळती, सामाजिक न्याय हे विषय ठरलेले. मागच्या प्रश्नावलीत एक रकाना होता, 'पालकांचे मासिक उत्पन्न'. इथे कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम दिवाळीआधी कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल देतो. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. महिन्याचं काय सांगणार? पोरांनी शून्य लिहिलं. इंग्रजी पेपरात ते शून्य तसंच छापलं. खर्डा मराठीत दाखवला असता तर आमच्या कुठल्याही बाईंनी जागेवर सांगितलं असतं. शाळांवरचं संशोधन मराठीत आल्याशिवाय पदवीच देऊ नये!

तळटीप: प्रश्नावली मराठीतच होती ना? मग चूक मार्गदर्शकाची, इंग्रजीची नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागांतून काही खासगी शाळांना सूट दिली, कारण काय तर किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे. जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिथला कारभार इंग्रजीतच चालतो, तिथे मराठी पेपर काय कामाचा? जोतीरावांनीही १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं ते इंग्रजीत.

कोयतापट्टा: आणि पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' मराठीत लिहिला, तेही सांगा की.

नेटसेट: मी तासिका तत्त्वावर शिकवते. मुलाखतीत मराठी पेपर पुढे केला की पहिला प्रश्न, "स्कोपस आहे का?" म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकात छापलाय का. यूजीसीच्या केअर यादीचा, म्हणजे मान्य नियतकालिकांच्या यादीचा, मराठी नियतकालिकांना थोडा टेकू होता, २०२५ मध्ये तीही बंद झाली. सक्ती केलीत तर पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांचं फावेल. मराठीतही ती दुकानं कमी नाहीत.

कोयतापट्टा: बरं, सक्ती राहू द्या. संशोधन नियतकालिकं वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी ६,००० कोटी मंजूर झाले, विद्यापीठांची सोय झाली. झेडपीच्या शिक्षकाला त्यात जागा नाही. निदान छापण्याआधी चार पानं मराठीत शाळेत पाठवा. परवानगीला मुख्याध्यापकांचा शिक्का लागतो, मग दुरुस्तीला का नको?

तळटीप: कारण पटसंख्या फुगवलेली असेल तर हेच मुख्याध्यापक तो परिच्छेद काढायला लावतील.

कोयतापट्टा: मग शाळेला नका दाखवू, पालकांना वाचून दाखवा. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की गावातच असतात.