अनुभव धागा: गडावर, रानात, तंबूत तुम्ही काय रांधलंत?

घाटवाट

समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा परवा विचारायला आला, "काकू, हरिश्चंद्रगडावर मुक्काम आहे, मॅगी सोडून काय करता येईल?" त्याला मटकीची उसळ सांगितली तर हसायला लागला. तो गेला आणि मला आमची खिरेश्वरची वाट, तोलार खिंड, सगळंच आठवत बसलं.

कॉलेजच्या दिवसांत आमच्या गटात मटकीची उसळ ठरलेली असायची. शुक्रवारी सकाळी मटकी पाण्यात घालायची, रात्री निघताना निथळून पंच्यात घट्ट बांधायची आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायची. चालताना अंगाची नि उन्हाची ऊब लागायची. शनिवारी संध्याकाळी देवळाजवळच्या गुहेत गाठोडं सोडलं की मोड लांब सुटलेले! घरी एवढे छान कधी येत नाहीत. गोडा मसाला, तिखट, मीठ, दाण्याचं कूट आणि भाजून चुरलेलं खोबरं घरूनच एका पुडीत एकत्र. टोमॅटो सॅकमध्ये चेंगरतो, म्हणून आमसुलं. कांदा गडावर चिरायचा, तेवढंच काय ते काम.

तीन दगडांची चूल. कारवीच्या वाळक्या काटक्या भसकन पेटतात पण त्यांचा निखारा टिकत नाही, त्यामुळे एक तरी जाड लाकूड पायथ्याच्या वाडीतून विकत घेऊन वर न्यायचो. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीला धरते आणि माती धुतली की भांडं स्वच्छ. हे आम्हाला वाडीतल्या एका आजींनी शिकवलं.

माझं मत विचाराल तर बाहेरच्या स्वयंपाकाची चव निम्मी घरीच ठरते, पुडीत काय बांधून नेलंय त्यावर. तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही चालतील.

चकली_काटेरी

वाचूनच भूक लागली. ऑफिसात आहे, डब्यात दुधी आहे. 😭

नाना_निवृत्त

उत्तम विषय. मी नर्मदा परिक्रमा पायी केली, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिथे वाटेवरच्या आश्रमांत सदावर्त मिळते, म्हणजे कोरडा शिधा: कणीक, डाळ, मीठ, कुठे मिरची, कुठे गूळ. शिजवायचे आपले आपण. आम्ही टिक्कड करायचो. जाड, हाताने थापलेली गव्हाची भाकर, तव्यावर अर्धी आणि गोवरीच्या निखाऱ्यावर उरलेली. पोळपाट लाटणे लागत नाही. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेवरच्या जंगलात, एका संध्याकाळी डाळ नव्हतीच. टिक्कड, गूळ आणि मैयाचे पाणी. सोबतचे एक गृहस्थ आयुष्यभर पोळी मऊ नाही म्हणून घरी ताट सरकवणारे, त्यांनी चार टिक्कड खाल्ले आणि पाचवा मागितला. त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त पाहिले.

घाटवाट

नाना, "फक्त पाहिले" 😂

सह्यभटक्या

मटकी भारी. पण तूरडाळ नेऊ नका कोणी. पाण्याचा उत्कलनबिंदू दर 300 मीटरला साधारण एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगड 1424 मी., म्हणजे वर पाणी 95 च्या आसपासच उकळणार. तूरडाळ तासभर रटरटत राहते आणि तरी दाताखाली येते, जळण संपतं ते वेगळं. मूगडाळ किंवा मसूर न्या. हिमालयात तर साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 लाच उकळतं, तिथे कुकर नसेल तर भातसुद्धा रडवतो. यूथ हॉस्टेलच्या कॅम्पवर स्वयंपाकाच्या तंबूतून सतत शिट्ट्या ऐकू यायच्या, त्याचं कारण हेच.

चकली_काटेरी

म्हणजे उकळतंय पण शिजत नाही?? आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं

पेणची_पोर

पोपटी कोणी लिहिली कशी नाही अजून!! आमच्या रायगडात थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच बेत. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, त्यात ओवा आणि खडेमीठ, मध्ये बटाटे, रताळी, अंडी. खाणारे असतील तर मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून. वरून परत पाला गच्च कोंबायचा. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गवत रचून जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाल्याची आणि शेंगांची वाफ बाहेर जात नाही, त्यातच सगळं शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र आवाज आला की झालं असं आमचे काका सांगतात. काका गप्पांत रमले की पोपटी करपते, म्हणून काकांना गप्प बसवायला एक माणूस नेमलेला असतो

पुणेकर_पण_प्रेमळ

पण पोपटी म्हणजे कॅम्पिंग का? घरी झोपायला जाता ना शेवटी.

पेणची_पोर

नाही जात. पहाटेपर्यंत शेकोटीशीच असतो. या एकदा, मग ठरवा

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, रोडगे विसरले का सगळे? आमच्याकडं शेतात नाहीतर देवाच्या ठिकाणी रोडग्याचं जेवण असते. जाडसर कणकेचे गोळे, आत थर देऊन तेल लावलेले, गोवऱ्याच्या विस्तवात खुपसून भाजायचे. वरची राख झटकायची, फोडायचे, त्यात तूप. सोबत वांग्या-आलूची भाजी अन घट्ट वरण. रोडगा भाजायचं काम पुरुषांचं, ते बी कौतुकानं करतात. घरी गॅसपाशी बोलावलं तर एकाचा पाय हलत नाही.

घाटवाट

टाळ्या! हे मी महाराष्ट्रभर पाहिलंय. उघड्यावर चूल पेटली की पुरुषांच्या अंगात अन्नपूर्णा येते.

सह्यभटक्या

निषेध. मी घरीही करतो.

सह्यभटक्याची_बायको

काय करतोस? चहा? तोही रविवारी

चकली_काटेरी

😂😂 धागा वसूल

परदेशी_कढीपत्ता

कॅलिफोर्नियातून लिहितेय. योसेमिटीत तंबू टाकला की पहिला नियम अस्वलांचा. खाण्याचं सगळं लोखंडी लॉकरमध्ये बंद, गाडीतसुद्धा रात्री ठेवायचं नाही. नुसतं खाणं नाही, वास येणारी कुठलीही वस्तू. टूथपेस्टपण. रेंजरबाई तपासायला आल्या, आमची मिसळणाची डबी उघडली आणि हिंगाचा वास घेऊन दोन पावलं मागे सरकल्या! म्हणाल्या, हे नक्की आत ठेवा. सासूबाई मराठीत म्हणाल्या, "अस्वल पळून जाईल उलट."

सकाळी भाजणीचं थालीपीठ. घरून भाजणीत तिखट, मीठ, तीळ, ओवा मिसळून नेलं होतं, तिथे फक्त पाणी आणि कांदा. लोणी कूलरमध्ये. शेजारच्या तंबूतले पॅनकेक करत होते, त्यांनी एक थालीपीठ घेऊन त्यावर मेपल सिरप ओतलं. सासूबाईंनी मान फिरवली.

नाना_निवृत्त

सिरप म्हणजे काकवीच की. काकवीशी थालीपीठ बरे लागते.

परदेशी_कढीपत्ता

नाना, सासूबाईंना हे दाखवत नाही 🙏

गडकोट_गणू

थोडं कडू बोलतो. गडावरच्या टाक्यांत खरकटी भांडी बुडवणारे लोक पाहिलेत मी. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम असायचा सगळ्यांचा, तिथे पाणी किती महत्त्वाचं हे सांगायला नको. खडकात खोदलेलं टाकं म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी, ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. त्यात तेलाचा तवंग सोडला की गेलं. भांडी टाक्यापासून लांब, राखेने घासायची, तांब्याभर पाण्यात. मुळात कमी भांडी लागतील असंच रांधायचं.

आणि चुलीबद्दल. घाटवाटताई, तुमचा काळ वेगळा होता. आता हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, फेब्रुवारीपासून गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी उडाली तर अख्खा उतार जातो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तिच्या काटक्या मोडून जाळायच्या? छोटा स्टोव्ह न्या, नाहीतर गडावरच्या मावश्यांकडे पिठलं-भाकरी खा. गरम मिळते, ठेचा असतो, आणि चार पैसे गावात राहतात.

घाटवाट

पटलं गणू. त्या मुलालाही स्टोव्हच न्यायला सांगितलाय, चूल नाही.

बोंबील_भाजा

जवळजवळ सगळं शाकाहारी चाललंय म्हणून 👋 सुके बोंबील. वजन नाही, नासत नाहीत. स्टोव्हवर जाळी ठेवून भाजायचे, कुटून कच्चा कांदा, तिखट, लिंबू. तांदळाची भाकरी घरून. तोटा एकच, गडावरची सगळी कुत्री तुमच्याच तंबूबाहेर झोपतात. आमच्याबरोबर एक काळं कुत्रं रतनगडावरून खाली रतनवाडीपर्यंत आलं. मित्राला वाटलं त्याच्यावर माया जडली. बोंबलाची पिशवी मित्राच्याच सॅकला होती

डोंबिवली_फास्ट

रतनवाडीत अमृतेश्वर पाहिलंत का? काय देऊळ आहे!! जेवणाशी संबंध नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं

बोंबील_भाजा

पाहिलं. पुष्करणीपण. तुम्ही डोंबिवली पूर्व का पश्चिम

डोंबिवली_फास्ट

पूर्व. तुम्ही?

बोंबील_भाजा

पश्चिम. म्हणजे परदेशच

चंद्रतारा

छोट्या गॅसच्या डब्याबद्दल एक सांगते, थंडीत जाणाऱ्यांना उपयोगी. साध्या डब्यात ब्युटेन असतो, तो शून्याच्या जरा खालीच, उणे अर्ध्या अंशाला, वायू व्हायचा थांबतो. डबा भरलेला पण ज्योत मिणमिणती. स्पितीत पहाटे चहासाठी आमचं हेच झालं. बरोबरचा लडाखी स्वयंपाकी डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपायचा, त्याचा चहा सगळ्यात आधी. आयसोब्युटेनचं मिश्रण असलेला डबा जास्त थंडीत चालतो. हे डबे विमानात नेऊ देत नाहीत, रेल्वेतही चालत नाहीत, तिथे पोचूनच विकत घ्यायचे. तंबूच्या आत मात्र स्टोव्ह पेटवू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. कितीही थंडी असो.

साताऱ्याची_सून

लेकरू झोपलंय तोवर लिहिते. झटपट पिठल्याची पुडी: वाटीभर बेसन मंद आचेवर खमंग भाजायचं. वेगळी फोडणी करायची, मोहरी जिरं हिंग हळद, लसूण लाल होईतो, लाल तिखट, मीठ, ती बेसनात कालवून गार करायची. वर गेल्यावर अडीच-तीन वाट्या उकळतं पाणी हळूहळू घालत ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, वर दोन मिनिटं झाकण. कुळथाच्या पिठाचंही असंच होतं, तो वास तर... उठलं वाटतं, नंतर लिहिते

चकली_काटेरी

ताई, किती दिवस टिकतं?

सह्यभटक्याची_बायको

लसूण ओला राहिला नाही तर आठवडाभर सहज टिकतं, आमच्याकडे असतं. सह्यभटक्यांच्या सॅकमध्ये पुड्या कोण बांधून देतं वाटलं तुम्हाला?

सह्यभटक्या

मान्य.

माऊली_माऊली

वारीचं लिहू का? आमच्या दिंडीचा स्वयंपाकाचा ट्रक पुढे जातो, पालखी तळावर पोचेपर्यंत पाल ठोकून कढया चढलेल्या. शे-दोनशे माणसांचं पिठलं, भात, आमटी. पाऊस आला की ताडपत्री धरायला चार जण, ढवळायला दोन. एकादशीला साबुदाण्याची खिचडी एवढ्या प्रमाणात मोकळी कशी होते हे मला अजून कळलेलं नाही. आचारी मामा सांगत नाहीत.

पुणेकर_पण_प्रेमळ

पेणची_पोर, एक विचारायचं होतं. पुण्यात भांबुर्डा मिळेल का? आणि ओवा किती?

पेणची_पोर

आता कसं! 😄 बाजारात नाही मिळणार, शेताच्या बांधावर उगवतो, मी आणून देते. ओवा लहान मूठभर पुरे तीन-चार किलो शेंगांना. मीठ जाडंच घ्या. मडकं भाजलेलं आणि न चिरलेलं बघून घ्या, वाजवून