कासवाची पिल्लं आपल्या वेळेला सोडायची की त्यांच्या?

पुळणवाट:
मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पहाटे साडेपाचलाच हॅचरीतल्या, म्हणजे अंडी आणून राखतात त्या जागेतल्या, टोपलीखाली २१ पिल्लं वर आली होती. दोरीपलीकडे लोक जमायचे होते, म्हणून सोडली सात वाजता. तोवर ती टोपलीच्या कडेला धडका देत राहिली.

वाळूतून बाहेर पडलेलं पिल्लू सुरुवातीला न थांबता सरपटतं आणि मग पोहत सुटतं. पोटात उरलेल्या बलकाच्या बळावर त्याला किनाऱ्यापासून लवकर लांब जायचं असतं. ते बळ टोपलीतच खर्ची पडतं. मोकळ्या घरट्यातून पिल्लं बहुतेक रात्री, वाळू गार झाली की निघतात. तेव्हा वर घारी-कावळे नसतात. माझं म्हणणं एवढंच, की वर आली की सोडा. बघायला कुणी असो वा नसो.

दर्यावर्दी:
असहमत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी कासवं वाचवायचं काम सुरू केलं, त्याआधी घरटं सापडलं की माणसं अंडी काढून न्यायची. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. २००६ पासून पिल्लं समुद्रात जाताना बघायचा कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतून उतरू लागले, आणि अंडी राखण्यात घराघराचा फायदा दिसू लागला. सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ काढून टाकलीत तर मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आलेला माणूस परत येईल का? दीड तासानं पिल्लू मरत नाही हो. गावाचं मन फिरलं तर अंडंच उरणार नाही.

पुळणवाट:
मरत नाही, मान्य. पण ‘मरत नाही’ एवढ्यावर संवर्धन म्हणायचं का? ताडोब्यात वाघ दिसेलच अशी हमी कुणी देत नाही, तरी जिप्सी भरतातच. इथंही ‘दिसली तर दिसली’ असं सांगता येईल.

भरतीची रेघ:
माझे काका कासवमित्र आहेत, म्हणून मध्ये बोलते. हंगामात ते पहाटे तीनला बॅटरी घेऊन निघतात. कासवाच्या पावलांचा माग सापडला की काठी हलकेच टोचून मऊ वाळू शोधायची. अंडी शंभर-सव्वाशे, एकेक हातानं उचलायची आणि अजिबात फिरवायची नाहीत, कारण काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग हॅचरीत तेवढाच खोल, मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद खड्डा. हे उरकून ते बागेत कामाला जातात.

पिल्लांना ताटकळत ठेवू नये, हे त्यांनाही पटतं. पण रात्रभर टोपल्या उघडून बघायच्या कुणी? त्यांनीच? पिल्लं केव्हा सोडायची यावर इथं दोघांनी एवढं लिहिलंत, पण राखण करणाऱ्याच्या झोपेबद्दल कुणीच काही बोललं नाही. मानधन एका माणसाचं, तेही हंगामापुरतं. दुसरा माणूस द्या, पिल्लं रात्रीच सुटतील.

दर्यावर्दी:
काकांना नमस्कार सांगा. हे बोलायला हवं होतं, चुकलंच. पण ताई, दुसऱ्याचा पगार कुठून आणायचा? शेवटी पाहुण्यांकडूनच ना? म्हणून तर मी वेळ सोडायला तयार नाही.

पुळणवाट:
फक्त पाहुण्यांकडूनच का? जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. मोठ्या कासवासाठी जाळ्याचे पैसे मिळतात, तर पिल्लांसाठी रात्रीच्या राखणदाराचे मागायला काय हरकत आहे? ‘भरतीची रेघ’, काकांना विचारून सांगाल का, एका हॅचरीला रात्री किती माणसं लागतील? तो आकडा घालून मी वनखात्याला अर्जाचा मसुदा लिहितो. दर्यावर्दी, वेळेवरून आपलं जमणार नाही, पण या अर्जावर तुमची सही हवी आहे.

दर्यावर्दी:
अर्जात पर्यटन बंद करा असं नसेल, तर करतो.