वर्षातले दहा महिने बंद राहणारे कोकणातील घर : २०,००० रुपयांत कोणता बंदोबस्त करावा?

ओटीवरचा :

नमस्कार. आमचे मूळ घर गुहागर तालुक्यातील एका वाडीत आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचे, पुढे ओटी, मध्ये माजघर आणि मागे पडवी, असे जुन्या पद्धतीचे हे घर असून आई ठाण्यात आमच्याकडे राहायला आल्यापासून ते जवळजवळ बंदच असते. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी धरली तरी वर्षातून जेमतेम दीड-दोन महिने तेथे कोणी राहते.

गेल्या फेब्रुवारीत आमच्याच वाडीतील दोन बंद घरे एका रात्रीत फोडली गेली. एका घराचा कोयंडा उचकटलेला होता, तर दुसऱ्या घराची मागच्या बाजूची कौले काढून चोर आत उतरले होते. तांब्याचा बंब, हंडे, समया, देव्हाऱ्यातील चांदीची भांडी आणि विहिरीवरचा पंप असा ऐवज गेला. रकमेच्या हिशेबात हे नुकसान फार मोठे नव्हते, परंतु त्या दिवसापासून आईला घराची सतत धास्ती वाटते.

जवळच्या शहरातील एका दुकानदाराने चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आणि वायरिंग यांसाठी २६,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. माझी तयारी सुमारे २०,००० रुपयांची आहे. वीज वारंवार जाते, पावसाळ्यात विजा पडण्याच्या भीतीने आम्ही मेन स्विच बंद करूनच निघतो आणि मोबाइलची रेंज ओटीवर मिळते, घरात मिळत नाही. अशा परिस्थितीत कॅमेऱ्यांवर खर्च करावा की अन्य काही करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंधा-पटाशी :

आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम आहे आणि फोडलेली दारे दुरुस्त करण्याचे कामही पुष्कळ वेळा वाट्याला आले आहे, त्या आधारावर लिहितो. बातम्यांमध्ये "कडी-कोयंडा तोडून" असे वाक्य नेहमी येते, पण त्यातला अर्थ आपण लक्षात घेत नाही. कुलूप सहसा तुटत नाही, ज्याला ते लटकवले आहे तो कोयंडा निघतो. हजार-बाराशे रुपयांचे भक्कम कुलूप आपण आणतो आणि ते एक इंचाच्या चार स्क्रूंवर बसवलेल्या पत्र्याच्या कोयंड्यात अडकवतो. कटावणी एकदा खाली सरकवली की जुन्या लाकडातून ते स्क्रू दाढ उपटावी तसे बाहेर येतात.

म्हणून पहिला खर्च कोयंड्यावर करा. जाड लोखंडी पट्टीचा कोयंडा घ्या आणि तो स्क्रूने न बसवता आरपार बोल्टने बसवा. बोल्टचे गुळगुळीत गोल डोके बाहेर राहावे, नट आतल्या बाजूला यावा आणि नटाखाली सलग लोखंडी पट्टी द्यावी, म्हणजे ताण एका जागी न पडता फळीभर विभागला जातो. साहित्य आणि मजुरी धरून एका दाराला सात-आठशे रुपयांहून अधिक खर्च येऊ नये. मात्र चौकटही तपासा. वाळवी लागलेल्या चौकटीत कोणताही कोयंडा टिकत नाही. चौकट सैल झाली असेल तर ती भिंतीत लोखंडी होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) आणि सिमेंट काँक्रीट घालूनच पक्की करावी. ठिसूळ, सच्छिद्र चिऱ्यात नुसते फास्टनर ठोकले तर ते काही काळाने हलू लागतात, हे मी स्वतः चुकून शिकलो आहे.

दुसरी गोष्ट अशी की बाहेरून कुलूप एकाच दाराला असावे. मागचे, बाजूचे, न्हाणीघराकडचे अशी बाकीची सर्व दारे आतून बंद करावीत आणि त्यांना अडसर घालावा. आपल्या जुन्या घरांत भिंतीच्या खोबणीत सरकणारा आडणा असायचा. अनेकांनी नूतनीकरणाच्या वेळी खोबण्या बुजवून त्या जागी बोटभर लांबीच्या कड्या लावल्या, ही मला त्या घरांची अवनतीच वाटते. खोबणी शाबूत असेल तर सागाचा किंवा फणसाचा दांडका करून घ्या. तो बाहेरून ना दिसतो, ना कापता येतो. पुढचे दार दोन फळ्यांचे असेल तर एक फळी वर आणि खाली टॉवर बोल्टने स्थिर करून दुसऱ्या फळीत आत बसणारे कुलूप लावता येते. तसे केल्यास बाहेर लटकणारे कुलूप दिसत नाही आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर बंद आहे की नाही याचा अंदाज चटकन येत नाही.

राहिली कौले. संपूर्ण छपराखाली वाशांवर वेल्डमेश (वेल्ड केलेली लोखंडी जाळी) मारून घेणे हा उत्तम उपाय आहे, परंतु तो तुमच्या रकमेत बसणार नाही. त्याऐवजी माजघरावर फळ्यांचा माळा आहे का, ते पाहा. कौले काढून उतरणारा मनुष्य प्रथम माळ्यावरच येतो. माळ्याच्या झडपेला खालच्या बाजूने जाड कडी आणि कुलूप लावले आणि सगळी किमती भांडी माजघरातच ठेवली, तर वरून आलेल्याला पुन्हा फळ्या फोडत बसावे लागते. तेवढा वेळ आणि तेवढा आवाज कोणत्याही चोराला नकोसा असतो. पडवीवर मात्र माळा नसतो. म्हणून पडवी आणि माजघर यांच्यामधील दार बाहेरच्या दाराइतकेच मजबूत हवे.

आणि शिडी, पहार, कोयता, कुदळ यांपैकी काहीही गोठ्यात किंवा पडवीबाहेर ठेवू नका. मी दुरुस्त केलेल्या एका घरात चोराने त्याच घरातील पहार वापरली होती आणि जाताना ती पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली होती.

तारांगण :

कॅमेरे आणि अलार्म बसवणे हा माझा व्यवसाय आहे, तरीही तुम्हाला चार कॅमेऱ्यांचा संच घेऊ नका असेच सांगेन. मेन स्विच बंद असेल तर तो संच वर्षातले दहा महिने शोभेपुरता राहील. मेन चालू ठेवून इन्व्हर्टर जोडला तरी पावसाळ्यातील विजांचा धोका राहतोच, आणि डीव्हीआर दिसेल अशा ठिकाणी असेल तर चोर सामानासोबत तोच उचलून नेतात, म्हणजे चित्रण गेले ते गेलेच. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्याजवळच्या कितीतरी गावांत वीज परत यायला अनेक दिवस लागले होते, हेही विसरता येत नाही.

कॅमेरा हवाच असेल तर सौर पॅनेल, बॅटरी आणि सिमकार्ड असलेला एकच कॅमेरा घ्या. साधारण पाच-सहा हजारांत बरा मिळतो. तुमच्याकडे रेंज ओटीवर आहे, त्यामुळे तो ओटीच्या वाशाखाली, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बसवता येईल, पॅनेल मात्र दक्षिणेकडे तोंड करून उघड्यावर हवे. आषाढ-श्रावणात सलग ढग असले की बॅटरी पुरेशी भरत नाही, त्यामुळे त्या काळात कॅमेरा फक्त हालचाल टिपण्यापुरता चालू राहील अशी व्यवस्था करावी. रात्री इन्फ्रारेड प्रकाशात भिंगावरचे कोळ्याचे जाळे आणि पावसाच्या धारा चमकतात आणि कॅमेरा त्यांनाच हालचाल समजून तुम्हाला रात्रभर संदेश पाठवत राहतो. भिंग वरचेवर कोणी पुसणार नसेल तर आठवडाभरात तुम्ही ते संदेश पाहणे सोडून द्याल. सिमचे रिचार्ज संपल्याचे लक्षात न राहणे हेही नेहमीचेच. आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी म्हणजे हालचालीवर पेटणारे सौर दिवे. एक मागच्या पडवीवर आणि एक विहिरीकडे लावावा. हजार रुपयांच्या आसपास एक मिळतो. कुत्र्या-मांजरानेही तो पेटेल, पण दिवा पेटण्याने कोणाची झोपमोड होत नाही. दाराला लावायचे चुंबकीय भोंगे तीन-चारशेत मिळतात. दार उघडताच ते मोठ्याने वाजतात, परंतु ऐकणारे घर जवळ असेल तरच त्यांचा उपयोग, आणि दमट हवेत त्यांच्या बॅटरीला पाझर फुटतो म्हणून दर खेपेला बॅटरी बदलावी.

कडेकोट :

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे एकाने कुंपणाच्या तारेत वीज सोडली होती, त्या आवाराकडे कोणी फिरकत नाही.

तारांगण :

कृपया असा सल्ला कोणालाही देऊ नका. मेनची वीज थेट कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला पहिला हात लागतो तो चोराचा नव्हे, चेंडू आणायला गेलेल्या मुलाचा किंवा चुकलेल्या गुराचा. असे करणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

तुळशीवृंदावन :

मी गावातच राहते आणि आमच्या वाडीतील पाच बंद घरांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. घर बंद आहे हे कुलुपापेक्षा खळ्यावरून (घरापुढच्या अंगणावरून) अधिक लवकर कळते. पाचोळा साचलेला, तुळस वाळलेली, पायरीवर शेवाळ, आणि विजेचे बिल महिनाभर कडीत खोचलेले, एवढे पाहिले की कोणालाही दार वाजवून खात्री करण्याची गरज उरत नाही. म्हणून शेजारच्या कोणाला तरी आठवड्यातून दोनदा खळे झाडायला, तुळशीला पाणी घालायला आणि घराभोवती एक फेरी मारायला सांगा, आणि त्याचे पैसे ठरवून द्या. आमच्याकडे महिना ६०० रुपये हा दर सध्या रास्त समजला जातो. वर्षाला ७,२०० रुपये म्हणजे तुमच्या रकमेतील मोठा वाटा आहे, हे मला कळते. पण "आपलेच घर समजून लक्ष ठेवा" असे म्हणून गणपतीला पेढ्यांचा पुडा देणारे चाकरमानी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घराकडे किती लक्ष राहते हे मी वेगळे सांगायला नको.

एक विनंतीही आहे. कॅमेरा बसवल्यावर मध्यरात्री शेजारणीला फोन करून "जरा जाऊन बघता का" असे सांगू नका. मी तसे दोनदा गेले. एकदा कोल्हा होता, एकदा काहीच नव्हते, आणि तिसऱ्यांदा मी जाण्यास नकार दिला. आत माणसे असतील तर एकट्या बाईने बॅटरी घेऊन जायचे तरी कशाला? फोन ११२ क्रमांकावर आणि पोलीस पाटलांना करावा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर तिच्यात आपला क्रमांक नोंदवून ठेवावा, कारण तिच्यावर केलेला एक फोन नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांना एकाच वेळी ऐकू जातो आणि चार माणसे एकत्र बाहेर पडू शकतात. गाव सोडताना पोलीस पाटलांना तारखा सांगून जाण्याची पद्धतही पुन्हा सुरू करायला हवी.

कागदोपत्री :

विमा क्षेत्रात काम केल्यामुळे दोन-तीन गोष्टी नमूद करतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी मिळते, परंतु तिच्यात घरफोडी आपोआप समाविष्ट असते हा गैरसमज आहे. आग, वादळ, पूर अशी विमाकृत घटना घडल्यानंतर तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी त्यात येते. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. ते घेताना घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ बंद राहिले तर काय, हे कलम आधी वाचा. अनेक पॉलिसींमध्ये अशा काळात संरक्षण थांबते किंवा कंपनीची लेखी संमती लागते, आणि तुमचे घर तर दहा महिने बंद असते. शिवाय घरफोडीच्या व्याख्येत बळाचा वापर करून केलेला प्रवेश अपेक्षित असतो आणि पॉलिसीतील ही अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका निकालात ग्राह्य धरली आहे. कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने दार उघडून चोरी झाली, तर दाव्यात अडचण येईल ती येथे.

त्यामुळे चांदीची भांडी आणि दागिने गावी न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे अधिक सोयीचे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. ही रक्कम ऐवजाच्या किमतीइतकी असेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

घरात राहणाऱ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची छायाचित्रे काढून ठेवा. भांड्यांवर जुन्या पद्धतीने नाव कोरलेले असेल तर ते अक्षर छायाचित्रात दिसले पाहिजे, कारण माल सापडल्यावर ओळख पटवताना तेच उपयोगी पडते. दुर्दैवाने चोरी झालीच तर, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे तुम्हाला ठाणे शहरातूनही तक्रार नोंदवता येईल. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर दिल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. पोलीस घराची पाहणी करेपर्यंत गावातील कोणालाही घर आवरू देऊ नका, बोटांचे ठसे त्यातच जातात.

ओटीवरचा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागच्या शनिवारी गावी जाऊन आलो. मागच्या दाराची आडण्याची खोबणी वडिलांनी बुजवलेली नव्हती, केवळ त्यात चुन्याचे पोपडे साचले होते. सुताराने फणसाचा दांडका बसवून दिला. पुढच्या दाराला आरपार बोल्टचा कोयंडा, माळ्याच्या झडपेला कडी आणि पडवीच्या आतल्या दाराची दुरुस्ती असे सारे मिळून ४,३०० रुपये झाले. दोन सौर दिव्यांचे १,९०० गेले. शेजारच्या काकूंना वर्षाचे ७,२०० रुपये देऊ केले, तेव्हा त्या प्रथम संकोचल्या आणि मग म्हणाल्या की सहा महिन्यांचे आत्ता द्या, बाकीचे शिमग्याला. त्यांना मध्यरात्री फोन करणार नाही, असे मी आधीच सांगून टाकले आहे.

कॅमेऱ्याचा निर्णय गणपतीपर्यंत पुढे ढकलला आहे. चांदीची भांडी आई स्वतः पिशवीत घालून ठाण्याला घेऊन आली, समया मात्र देवापुढे हव्यात म्हणून तिने तेथेच ठेवल्या. शिडी आणि पहार काकूंच्या पडवीत ठेवली आहे.